यीस्टचा डिलीशन स्ट्रेन हातात आलाय, जीन स्टेरॉलचा की सॉर्टिंगचा, कसं ओळखायचं

एमएस्सीच्या प्रोजेक्टला किंवा पीएचडीच्या पहिल्या वर्षाला हे हमखास होतं. ग्लिसरॉल स्टॉकची (गोठवून ठेवलेल्या यीस्टची) एक व्हायल हातात येते, त्या यीस्टमधला एक जीन काढून टाकलेला असतो (हाच डिलीशन स्ट्रेन), वर मार्करने जीनचं नाव लिहिलेलं असतं, आणि गाइड म्हणतात याचा फिनोटाइप, म्हणजे जीन गेल्यावर दिसणारा बदल, बघ. मग आपण स्पॉट टेस्ट (प्लेटवर यीस्टचे थेंब लावून वाढ बघायची) लावतो, एका औषधावर वाढ नाही असं दिसतं, आणि संध्याकाळच्या लॅब मीटिंगला स्लाइडवर लिहून मोकळे होतो की हा जीन अमुक पाथवेचा. बेकर्स यीस्टमध्ये, म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसीमध्ये, स्टेरॉल (मेम्ब्रेनमधला कोलेस्टेरॉलसारखा स्निग्ध पदार्थ) बनवणारे अर्ग जीन आणि प्रोटीन ठरलेल्या जागी पोचवणारे, म्हणजे सॉर्टिंगचे, व्हीपीएस नि सेक जीन या दोन गटांत ही घाई फार नडते, कारण मेम्ब्रेनमधलं स्टेरॉल बिघडलं की सॉर्टिंगही बिघडतं, मग अर्गचा म्युटंट चक्क व्हीपीएससारखा वागायला लागतो. म्हणून इथे टेस्ट कोणत्या क्रमाने लावायच्या आणि कुठल्या रिझल्टवर किती विश्वास ठेवायचा ते लिहितोय. प्रत्येक प्रोटोकॉलची शेवटची ओळ इथे मिळणार नाही, पण कुठे फसायला होतं ते मिळेल.

आधी व्हायलवरचं नाव नीट वाचा. यीस्टमध्ये प्रत्येक जीनला दोन नावं असतात, एक बोलायचं आणि एक पत्त्याचं. अर्ग६ चा पत्ता वायएमएल००८सी. वाय म्हणजे यीस्ट, एम म्हणजे तेरावा क्रोमोसोम (ए म्हणजे पहिला, असं मोजत यायचं, एकूण १६ आहेत), एल म्हणजे डावी बाजू, ००८ म्हणजे सेंट्रोमिअरपासून मोजत गेल्यावर आठवा, आणि शेवटचा सी म्हणजे क्रिक स्ट्रँड (डीएनएच्या दोन धाग्यांपैकी एक), दुसरा म्हणजे वॉटसन असता तर डब्ल्यू आला असता. हे पाठ करून ठेवायचं कारण एकच, बोलायची नावं घोटाळ्याची आहेत. व्हीपीएस१० म्हणजेच पेप१, व्हीपीएस३२ म्हणजेच एसएनएफ७, व्हीपीएस३० म्हणजेच ऑटोफॅजीवाल्यांचा (पेशी स्वतःचेच भाग कसे पचवते ते बघणाऱ्यांचा) एटीजी६. अर्ग२ हा एंडोसायटोसिसवाल्या (पेशी बाहेरचं आत कसं ओढते ते बघणाऱ्या) लॅबमध्ये एंड११ नावाने सापडला होता, आणि अर्ग६ ला एकेकाळी आयएसई१ म्हणायचे. वेगवेगळ्या लॅबनी वेगवेगळ्या स्क्रीनमधून तोच जीन पकडला की असं होतं, आणि खरं सांगायचं तर ही जुनी नावंच पहिला क्लू असतात. एसजीडी म्हणजे सॅकरोमायसिस जीनोम डेटाबेस उघडा, तिथे उपनावं बघा. एका जीनला अर्ग आणि एंड अशी दोन्ही नावं दिसली की समजा, तो दोन्हीकडे दिसणारच.

मग स्ट्रेन खरा आहे का ते बघा, हे लोक टाळतात. डिलीशन कलेक्शनमध्ये जीन काढून त्या जागी कॅनएमएक्स कॅसेट (जी४१८ या औषधापासून वाचवणारा जीन) घातलेली असते, त्यामुळे स्ट्रेन वायपीडीवर (यीस्टच्या नेहमीच्या मीडियावर) जी४१८ च्या २०० मायक्रोग्रॅम प्रति मिली डोसला वाढतो. पण जी४१८ वर वाढला म्हणजे कॅसेट कुठेतरी आहे एवढंच कळतं, ती योग्य जागी आहे हे नाही. त्यासाठी पीसीआर लागतो, एक प्रायमर जीनच्या बाहेरचा आणि एक कॅसेटच्या आतला, दोन्ही टोकांना, शिवाय मूळ जीनच्या आतल्या प्रायमरने बँड येत नाही हेही दाखवायचं. आणि एक छोटी गोष्ट, जी४१८ सिंथेटिक मीडियात वापरायचं असेल तर नायट्रोजन सोर्स म्हणून अमोनियम सल्फेट नको, त्यात जी४१८ नीट काम करत नाही, त्याऐवजी मोनोसोडियम ग्लुटामेट लिटरला १ ग्रॅम घाला. हो, किराणा दुकानातला अजिनोमोटो तोच, पण प्लीज लॅब ग्रेडचा घ्या.

बॅकग्राउंड, म्हणजे जीन ज्या मूळ स्ट्रेनमधून काढला तो, कोणता तेही लिहून ठेवा, बीवाय४७४१ की डब्ल्यू३०३. पुढे याच्यावर बरंच अवलंबून आहे. आणि वाइल्ड टाइप (जीन न काढलेला) कंट्रोल त्याच बॅकग्राउंडचा हवा, बेकरीतून आणलेल्या यीस्टच्या पाकिटातला नको, त्याचा जीनोमच वेगळा असतो.

आता पाथवे थोडक्यात, कारण कुठला अर्ग काढता येतो नि कुठला नाही हे माहीत नसेल तर पुढचं सगळं हवेत जाईल. असिटिल कोए पासून सुरुवात होते, मग एचएमजी१ आणि एचएमजी२ (स्टॅटिन गोळ्या आपल्या शरीरात याच एन्झाइमला धरतात), मेव्हॅलोनेट, मग अर्ग२०, अर्ग९ ने स्क्वॅलीन, अर्ग१ ने त्यात ऑक्सिजन घातला जातो, अर्ग७ ने लॅनोस्टेरॉल, अर्ग११ ने त्यातला एक मिथाइल ग्रुप निघतो, आणि असं करत करत झायमोस्टेरॉलपर्यंत. इथपर्यंतचे बहुतेक जीन जगण्यासाठी आवश्यक आहेत, हॅप्लॉइडमध्ये (क्रोमोसोमचा एकच संच असलेल्या पेशीत) साधं डिलीशन मिळत नाही, मिळालं तर संशय घ्या. (एचएमजी१ नि एचएमजी२ पैकी एक काढला तर चालतं, दोन्ही काढले तर नाही.) झायमोस्टेरॉलपासून अर्गोस्टेरॉल, म्हणजे यीस्टचं मुख्य स्टेरॉल, बनवणारे पुढचे पाच, अर्ग६, अर्ग२, अर्ग३, अर्ग५ आणि अर्ग४, हे मात्र काढता येतात, पेशी अर्धवट बनलेल्या स्टेरॉलवर कशीबशी भागवते. तुमच्या व्हायलमध्ये अर्ग असेल तर बहुतेक या पाचातलाच असणार.

अर्ग१ वर थोडं थांबतो कारण हा आपल्या घराजवळचा विषय आहे. टर्बिनाफिन हे औषध अर्ग१ च्या एन्झाइमला, स्क्वॅलीन इपॉक्सिडेजला, अडवतं. गेल्या काही वर्षांत भारतात गजकर्ण नायटा काही केल्या बरा होत नाही अशा तक्रारी वाढल्यात, त्यामागची ट्रायकोफायटन इंडोटिनी ही बुरशी, २०२० मध्ये तिला हे नाव मिळालं, तिच्यात याच एन्झाइमच्या जीनमध्ये बदल सापडतात, विशेषतः ३९७ व्या जागेवर फेनिलॲलनिनच्या ऐवजी ल्युसीन. म्हणजे यीस्टमध्ये जो पाथवे आपण परीक्षेपुरता पाठ करतो तोच त्वचारोगाच्या ओपीडीत डोकेदुखी झालाय.

चला, प्लेट लावू. रात्रभराचा कल्चर घेऊन पुन्हा डायल्यूट करून लॉग फेजमध्ये (जोमाने वाढायच्या टप्प्यात) आणा, ओडी (गढूळपणा, म्हणजे पेशी किती ते) सारखा करा, दहा-दहा पटीने डायल्यूशन, आणि ३ ते ५ मायक्रोलिटरचे स्पॉट. कमीत कमी या प्लेट लागतात: साधी वायपीडी ३० अंशांवर, तीच ३७ वर, एक निस्टॅटिनची, एक फ्लुकोनाझोलची, आणि एक कमी डोसच्या सायक्लोहेक्सिमाइडची (हे प्रोटीन बनणं थांबवणारं औषध). निस्टॅटिन डीएमएसओमध्ये विरघळवा, उजेडापासून लांब ठेवा, आगार कोमट झाल्यावर, ५० अंशांच्या खाली, घाला. डोस मिलीला १ ते ५ मायक्रोग्रॅमच्या आसपास शोधावा लागतो कारण बॅचप्रमाणे ताकद बदलते, दुसऱ्याच्या पेपरातला आकडा आंधळेपणाने उचलू नका, आपल्या वाइल्ड टाइपवर आधी बघा कुठे थांबतो ते.

वाचायचं कसं. निस्टॅटिन अर्गोस्टेरॉलला चिकटून मेम्ब्रेन फोडतं, त्यामुळे ज्याच्यात अर्गोस्टेरॉलच नाही तो वाचतो. अर्ग३ नि अर्ग६ चे म्युटंट निस्टॅटिनवर वाइल्ड टाइपपेक्षा छान वाढतात आणि हा सगळ्यात स्वच्छ क्लू आहे, कारण आजारी स्ट्रेन सहसा सगळ्यावरच वाईट वाढतो, इथे तो चांगला वाढतोय. फ्लुकोनाझोलचं गणित वेगळं, ते अर्ग११ अडवतं, आणि अडवल्यावर जे भलतं स्टेरॉल साठतं त्याला विषारी बनवायचं काम अर्ग३ करतो, म्हणून अर्ग३ गेला की पेशी फ्लुकोनाझोलमध्ये तग धरते. (अर्ग११ काढलेला हॅप्लॉइड अर्ग३ पण काढला तर जगतो, ते याच कारणाने.) सायक्लोहेक्सिमाइडवर अर्ग६ लवकर मरतो, त्याची मेम्ब्रेन गळकी, काहीही आत शिरतं. म्हणून सांगतो, अर्ग६ चा स्ट्रेन कुठल्याही औषधाला सेन्सिटिव्ह दिसला तर ते औषध आणि स्टेरॉल यांचं काही खास नातं आहे असं लिहू नका, तो जवळजवळ सगळ्यालाच सेन्सिटिव्ह असतो. उलट लोकांनी याचा फायदा करून घेतलाय, ब्रेफेल्डिन ए हे गॉल्जीचं (प्रोटीन पुढे पाठवणाऱ्या कप्प्याचं) काम बिघडवणारं औषध साध्या यीस्टवर चालत नाही, आत पुरेसं पोचतच नाही, म्हणून सिक्रिशनवाले मुद्दाम अर्ग६ म्युटंट वापरतात.

३७ अंशांच्या प्लेटवर क्लास सी चे व्हीपीएस (हे क्लास काय ते पुढे येतं), म्हणजे व्हीपीएस११, १६, १८ आणि ३३, ढेपाळतात. पण आजारी अर्गही तिथे ढेपाळू शकतात, त्यामुळे एकट्या ३७ च्या प्लेटवरून काहीही ठरवायचं नाही.

दुसरी पायरी, स्टेरॉल प्रत्यक्ष मोजा. यूव्ही स्कॅनची जुनी पद्धत कुठल्याही कॉलेजात जमते. पेशी धुवून वजन करा, २५ टक्के अल्कोहोलिक केओएच (२५ ग्रॅम केओएच, ३५ मिली पाणी, इथेनॉलने १०० मिली) त्यातले ३ मिली घाला, व्हॉर्टेक्स, ८५ अंशांच्या वॉटर बाथमध्ये एक तास, गार होऊ द्या, १ मिली पाणी नि ३ मिली एन-हेप्टेन, पुन्हा ३ मिनिटं व्हॉर्टेक्स, वरचा हेप्टेनचा थर काढून इथेनॉलमध्ये पाचपट डायल्यूट करून २३० ते ३०० नॅनोमीटर स्कॅन. क्वार्ट्झचं क्युव्हेट लागेल, प्लॅस्टिकचं चालत नाही. हेप्टेन पेट घेतो आणि गरम केओएच डोळ्यात गेलं तर डोळा जातो, त्यामुळे फ्यूम हूड, गॉगल, झाकण घट्ट, हे सांगायला नको पण सांगतोय.

वाइल्ड टाइपला २४० ते ३०० च्या मध्ये चार टोकांचा ओळखीचा ग्राफ येतो, सगळ्यात मोठं टोक २८१ च्या आसपास. इथे एक सापळा आहे जो बऱ्याच जणांना माहीत नसतो. २८१ चं टोक अर्गोस्टेरॉलचं स्वतःचं असं नाही, स्टेरॉलच्या बी रिंगमध्ये ५ आणि ७ नंबरच्या जागी जोडीने डबल बाँड असले की ते येतं. म्हणून अर्ग२ आणि अर्ग३ काढले की ग्राफ जवळजवळ सपाट, कारण ती जोडी बनतच नाही. अर्ग५ काढला तर ग्राफ दिसायला जवळपास नॉर्मल, कारण जोडी शाबूत आहे, फक्त शेपटीतला डबल बाँड गेलाय. अर्ग४ काढला तर २३० ला खूप मोठा उंचवटा दिसतो. आणि अर्ग६ काढला तरी थोडं टोक दिसतंच, कारण त्याच्या अर्धवट स्टेरॉलवर पुढची एन्झाइमं थोडंफार काम करून घेतात. थोडक्यात सपाट ग्राफ म्हणजे स्टेरॉलमध्ये नक्की गडबड, पण नॉर्मल ग्राफ म्हणजे स्टेरॉल ठीक असं अजिबात नाही. कोणतं स्टेरॉल साठलंय ते ठरवायला जीसीएमएस (रेणू वेगळे करून वजनावरून ओळखणारं मशीन) लागतं, तुमच्याकडे नसेल तर शेजारच्या केमिस्ट्रीवाल्यांशी गोड बोला.

तिसरी पायरी सॉर्टिंगची. इथला राजा प्रोटीन म्हणजे सीपीवाय, कार्बोक्सिपेप्टिडेज वाय, जीनचं नाव पीआरसी१. हे व्हॅक्यूओलमध्ये, म्हणजे पेशीच्या पचनाच्या पिशवीत, जायचं एन्झाइम आहे. ईआरमध्ये (पहिल्या कप्प्यात) ६७ किलोडाल्टनचं पी१, गॉल्जीत साखर चढून ६९ चं पी२, आणि व्हॅक्यूओलमध्ये पोचल्यावर तुकडा कापला जाऊन ६१ चं मॅच्युअर. गॉल्जीच्या टोकाला व्हीपीएस१० नावाचा रिसेप्टर त्याला पकडून एंडोसोमकडे (वाटेतल्या थांब्याकडे) पाठवतो, मग रिसेप्टर रिकामा परत येतो, आणि परत आणायचं काम रेट्रोमर करतं, म्हणजे व्हीपीएस३५, २९, २६, ५ आणि १७. या साखळीत कुठेही बिघडलं की पी२ सीपीवाय पेशीबाहेर सांडतं. १९८० च्या दशकात स्कॉट एमर आणि टॉम स्टीव्हन्स यांच्या लॅबनी याच सांडण्यावर स्क्रीन करून ४० हून जास्त व्हीपीएस जीन पकडले. एमरच्या लॅबची युक्ती मला फार आवडते, सीपीवायला इन्व्हर्टेज (सुक्रोज फोडणारं एन्झाइम) जोडायचं आणि स्वतःचं इन्व्हर्टेज नसलेला स्ट्रेन घ्यायचा, मग सॉर्टिंग बिघडलेली पेशीच फक्त सुक्रोजवर वाढेल, बाकी उपाशी. त्याआधी रँडी शेकमन आणि पीटर नोविक यांनी सेक म्युटंट काढले होते, शेकमनना २०१३ चं नोबेल त्यावरच मिळालं.

तुम्हाला रेडिओॲक्टिव्ह मिथिओनीनची परवानगी नसणार, त्यामुळे पल्स चेस (प्रोटीनवर रेडिओॲक्टिव्ह खूण करून त्याचा प्रवास बघणं) विसरा, कॉलनी ब्लॉट करा. प्लेटवर पॅच लावा, वर नायट्रोसेल्युलोज ठेवा, ३० अंशांवर रात्रभर, मग मेम्ब्रेनवरच्या पेशी पाण्याने धुवून टाका, दुधाने ब्लॉक, अँटी सीपीवाय अँटिबॉडी, पुढे नेहमीचं. जिथे सीपीवाय बाहेर सांडलं तिथे काळा डाग.

कंट्रोल तीन हवेत आणि तिन्ही हवेतच. वाइल्ड टाइप, व्हीपीएस१० काढलेला, आणि पेप४ काढलेला. पेप४ कशाला, तर पेप४ हे व्हॅक्यूओलमधलं कापणारं एन्झाइम आहे, ते नसलं की सीपीवाय व्यवस्थित व्हॅक्यूओलमध्ये पोचतं पण कापलं जात नाही, वेस्टर्न ब्लॉटवर पी२ दिसतं. म्हणजे नुसता पी२ बँड बघून सॉर्टिंग डिफेक्ट म्हणणं चूक, तो पी२ आत आहे की बाहेर हे बघायलाच पाहिजे. आणि उलट बाजूने, पेशी फुटत असतील तरी ब्लॉटवर डाग येतो. गळक्या अर्ग स्ट्रेनमध्ये हे तपासायलाच हवं, त्याच मेम्ब्रेनचा जुळा घेऊन पीजीके१ सारख्या सायटोसॉलच्या प्रोटीनची अँटिबॉडी लावा. तीही काळी आली तर पेशी फुटताहेत, सॉर्टिंगचा विषय नाही.

सोबत व्हॅक्यूओल डोळ्यांनी बघा. एफएम४-६४ नावाचा लाल डाय, १५-२० मिनिटं लावून धुवायचा, मग एक तास साध्या मीडियात, तो मेम्ब्रेनवरून आत जात जात व्हॅक्यूओलच्या कडेला गोल रिंग करतो. वाइल्ड टाइपला एक ते तीन-चार रिंगा. व्हीपीएस म्युटंटचे व्हॅक्यूओल कसा दिसतो त्यावरून ए ते एफ असे क्लास पाडलेत. क्लास बी ला बारीक तुकडे, सी ला व्हॅक्यूओल जवळजवळ नाहीच, डी ला एकच मोठा, ई ला व्हॅक्यूओलच्या बाजूला चमकणारा ठिपका (व्हीपीएस४ बघा, पाठ्यपुस्तकात असतो तसा), एफ ला मोठ्याभोवती छोटे, आणि ए ला काहीच फरक नाही. क्लास बघून कॉम्प्लेक्स ओळखायला जाऊ नका मात्र. रेट्रोमरच्याच पाच जणांत व्हीपीएस३५ आणि २९ ए मध्ये, ५ आणि १७ बी मध्ये, २६ एफ मध्ये.

स्लाइड बनवताना पेशी पाण्यात घेऊ नका, पाण्यात व्हॅक्यूओल एकमेकांत मिसळून मोठे होतात, मीठ जास्त झालं तर तुकडे पडतात, आणि तुम्ही क्लास बी सापडला म्हणून पेढे वाटाल. त्याच मीडियात माउंट करा, लॉग फेजच्या पेशी घ्या. डब्ल्यू३०३ मध्ये एडीई२ (अडेनिन बनवायला लागणारा जीन) बिघडलेला असतो, त्याचा लाल रंग व्हॅक्यूओलमध्ये साठतो आणि चमकतो, जास्तीचं अडेनिन घाला.

आता खरी गंमत, दोन्ही रिझल्ट एकत्र आले तर काय. समजा निस्टॅटिनवर वाचतोय, यूव्ही ग्राफ बिघडलाय, आणि व्हॅक्यूओलचेही तुकडे आहेत. दोन जीन बिघडले असं नाही. व्हॅक्यूओल एकमेकांत मिसळायला अर्गोस्टेरॉल लागतं, त्यामुळे अर्ग म्युटंटमध्ये तुकडे दिसणं साहजिक आहे. अर्ग२ गेला की अल्फा फॅक्टर (यीस्टचं मेटिंगचं हार्मोन) आत ओढून घेण्याची पहिली पायरीच मंदावते, म्हणून तर त्याला एंड११ नाव पडलं होतं, आणि म्हणूनच अर्ग म्युटंटमध्ये एफएम४-६४ उशिरा आत गेला तर लगेच सॉर्टिंगवर खापर फोडायचं नाही. अर्ग६ मध्ये टॅट२ नावाचा ट्रिप्टोफॅन आत आणणारा प्रोटीन प्लाझ्मा मेम्ब्रेनवर जायच्या ऐवजी व्हॅक्यूओलकडे वळवला जातो. म्हणून डब्ल्यू३०३ सारख्या टीआरपी१ नसलेल्या बॅकग्राउंडमध्ये अर्ग६ काढला तर स्ट्रेन ट्रिप्टोफॅनविना उपाशी राहून रडतखडत वाढतो, पण बीवाय४७४१ स्वतःचं ट्रिप्टोफॅन स्वतः बनवतो, तिथे काहीच दिसत नाही. म्हणून बॅकग्राउंड लिहून ठेवा म्हटलं होतं. अशा स्ट्रेनला जास्तीचं ट्रिप्टोफॅन देऊन बघा, वाढ सुधारली तर धागा हाती लागला.

उलट दिशाही आहे. सेक१४ हा गॉल्जीतून बाहेर पाठवण्यासाठी आवश्यक जीन, तो नसला तर पेशी मरते, पण सोबत ओएसएच४ पण काढला तर जगते, आणि ओएसएच४ चं काम काय तर स्टेरॉल आणि पीआय४पी (मेम्ब्रेनमधलं एक लिपिड) यांची अदलाबदल. दोन्ही गट इतके गुंतलेत की "हा सॉर्टिंगचा जीन" असं लिहिण्यापेक्षा "आधी काय बिघडलं" असं विचारलेलं बरं. माझा हिशोब असा: यूव्ही किंवा जीसीएमएसमध्ये स्टेरॉल बिघडलं असेल तर तेच मूळ धरा, सॉर्टिंग त्याच्यामागे. स्टेरॉल स्वच्छ असेल, निस्टॅटिन वाइल्ड टाइपसारखं असेल, पीजीके१ बाहेर नसेल आणि सीपीवाय बाहेर असेल, तरच सॉर्टिंग मूळ धरा.

शेवटी सिद्ध करायचं. बरेच जण म्हणतात प्लेटमध्ये अर्गोस्टेरॉल घालून बघू, बरा झाला तर स्टेरॉलच कारण. हे चालत नाही. हवेत वाढणारं यीस्ट बाहेरचं स्टेरॉल आत घेतच नाही. ऑक्सिजन नसेल तेव्हाच घेतं, कारण अर्ग१ सारख्या पायऱ्यांना ऑक्सिजन लागतो आणि तो नसला की स्वतःचं बनवता येत नाही, म्हणून ॲनारोबिक मीडियात अर्गोस्टेरॉल नि ट्वीन ८० घालतात. हवेत खाऊ घालायचंच असेल तर यूपीसी२-१ म्युटेशन किंवा हेम१ नसलेला बॅकग्राउंड लागेल, ते वेगळं प्रकरण आहे. साधा मार्ग म्हणजे मूळ जीन त्याच्याच प्रमोटरसकट (जीन चालू करणाऱ्या भागासकट) सेंट्रोमिअर प्लाझ्मिडवर (पेशीत मोजक्याच प्रती राहणाऱ्या डीएनएच्या वर्तुळावर) परत द्या, रिकामं प्लाझ्मिड बाजूला, आणि निस्टॅटिन, यूव्ही, सीपीवाय या तिन्ही टेस्ट पुन्हा लावा, तिन्ही परत आले तर एकाच जीनचं काम. फक्त वाढ परत आली आणि सीपीवाय अजून सांडतंय, तर कलेक्शनच्या त्या स्ट्रेनमध्ये अजून एखादं म्युटेशन लपलंय असं समजा, आणि डिलीशन स्वतः नव्याने बनवा. अर्ग६ मध्ये ट्रान्सफॉर्मेशन (बाहेरचा डीएनए आत शिरणं) फार कमी होतं, डीएनए जास्त घ्या, कॉलनी कमी आल्या म्हणून घाबरू नका.

आणि खरा स्ट्रेन मिळाला की त्याच दिवशी ग्लिसरॉलमध्ये घालून उणे ८० ला टाका. हळू वाढणारे अर्ग नि व्हीपीएस प्लेटवरून प्लेटवर नेत राहिलं की मधेच एखादी जोमाने वाढणारी कॉलनी उगवते, ती सप्रेसर (मूळ बिघाड झाकणारं दुसरं म्युटेशन झालेली) असते, आणि पुढचे सगळे स्पॉट तिचेच येतात.